आंग्स्ट आणि अक्कलदाढ

कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या त्या सरांना मुलं पाठीमागे 'मूळसर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं! कुठलाही शब्द हाती लागला की तो उपटून त्याची मुळं तपासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सध्या त्यांच्या तावडीत 'आंग्स्ट' हा जर्मन शब्द सापडला होता. त्यावर त्यांनी बावीस पानांचा लेख लिहिला होता आणि बायकोला एकवीस पानांपर्यंत वाचूनही दाखवला होता. बाविसावं पान उलटायच्या आत ती वाळत घातलेले कपडे आणायला गेली, ती गेलीच.

"या शब्दाबद्दल मला नवीन काही सांगेल असा माणूस अख्ख्या युरोपात नसेल!" त्या दुपारी जेवताना सर म्हणाले, आणि फोन वाजला.

फोन मेहुण्याचा. बायकोचा हा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर होता.

"भावजी, तुम्हाला जर्मन येतं ना?"

सरांना जर्मन येत नव्हतं. युरोपातल्या सहा भाषांतला एकेक शब्द तेवढा येत होता, आणि तोही सहा भाषांत मिळून एकच! पण मेहुण्याला 'येत नाही' कसं म्हणायचं?

"येतं म्हणजे काय! बोल."

"जहाजावरचा एक इंजिनियर आलाय. अक्कलदाढ सडलीय, आजच काढायला हवी, आणि चार वाजता त्याचं जहाज सुटतंय. पण बाबा तोंडच उघडेना! मोबाईलवर भाषांतर करून बघितलं, तर गाल इतका सुजलाय की मोबाईल सारखा म्हणतो, 'कृपया पुन्हा बोला.' एकच शब्द कळतोय. आंग्स्ट, आंग्स्ट..."

सर ताटावरून उठलेच. "नक्की आंग्स्ट? हात लावू नकोस त्याला! मी आलोच!"

"तिथे जाऊन फार बोलू नका हं," बायको म्हणाली.

"अगं, दुभाषा म्हणून चाललोय!"

"म्हणूनच सांगतेय."

मेहुण्याचं घर वरच्या मजल्यावर आणि दवाखाना तळमजल्यावर. बाहेरच्या बाकावर कवळी बसवायला आलेल्या एक आजी डबी मांडीवर घेऊन वाट बघत होत्या. आतल्या खुर्चीत सहा फुटी इंजिनियर गुडघे छातीशी कवटाळून, अंगाचं बोचकं करून बसला होता. एक गाल टमाट्यासारखा आणि डोळे बशीएवढे!

"इश हाबे आंग्स्ट!" तो ओरडला.

"बघा!" नर्स म्हणाली. "मघापासून इश्श म्हणतोय! एवढा थोराड बाप्या, पण नव्या नवरीसारखा लाजतोय!"

"इश म्हणजे 'मी'," सर गंभीरपणे म्हणाले. एवढं लेखाच्या तिसऱ्याच पानावर होतं. मग ते मेहुण्याकडे वळले. "ऐक. आंग्स्टचं मूळ आहे अरुंदपणात. लॅटिनमध्ये आंगुस्तिया म्हणजे अरुंद जागा. त्यातूनच फ्रेंचांचा आंग्वास आला, इटालियनांचा आंगोशा आला. आपल्या संस्कृतातला 'अंहस्'सुद्धा याच खानदानातला! सगळीकडे तेच. आवळणं, कोंडणं, जीव घुसमटणं!"

"बरं. मग दाढेचं काय करू?"

"थांब रे! इंग्रजीने हा शब्द आपल्या घरी नेला तो काय साध्यासुध्या भीतीसाठी? छे! जिला कारण नाही, चेहरा नाही, अशा खोल धास्तीसाठी! अरे, याची दाढ दुखत नाहीये. याचं अस्तित्व दुखतंय!"

"भावजी, अस्तित्व मी काढत नाही. मी दाढ काढतो."

"बसलाय कसा ते बघ! आईच्या पोटातलं बाळ जसं! याला मनोविकारतज्ज्ञ हवा. बोलाव ताबडतोब!"

मेहुण्याने घड्याळाकडे बघून कपाळाला हात लावला, पण मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचा शब्द मोडायचा कसा? नर्सने फोन लावला. "एका माणसाला जगण्याचीच भीती वाटतेय, लवकर या," असं ती म्हणाली. तिकडच्या कारकुनाने ते कंपाउंडरला सांगितलं, कंपाउंडरने डॉक्टरांना. तिथे पोहोचेपर्यंत त्याचं 'एक माणूस खिडकीतून उडी मारतोय' असं झालं होतं!

इकडे सरांनी ठरवलं, या जिवाला एकटं सोडायचं नाही. त्याच्या दुःखात आपणही उतरायचं! त्यांनी स्टूल खुर्चीला भिडवलं, चपला काढल्या, पाय वर घेतले, गुडघे कवटाळले आणि डोळे मिटून कण्हायला सुरुवात केली. "आंग्स्ट... आंग्स्ट..."

इंजिनियरने चमकून त्यांच्याकडे बघितलं. मग खाली बोट दाखवलं. "हुंट! हुंट!"

"तळाकडे बोट दाखवतोय!" सर स्टुलावरूनच ओरडले. "मनाच्या तळाकडे! आणि काय म्हणतोय, हुंट... हुंद... हुंदका! हुंदका दाटलाय रे त्याला! शब्द कुठून कुठे प्रवास करतात बघ!"

तेवढ्यात दोन वॉर्डबॉय आणि एक लांबलचक दोर घेऊन मनोविकारतज्ज्ञ धापा टाकत आत शिरले. दवाखाना तळमजल्यावर आहे, हे दोर सोडवून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी पाय वर घेऊन बसलेल्या त्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"यांतला पेशंट कोण?"

"सुजलेला तो," नर्स म्हणाली.

"आणि हे?"

"हे आमच्या डॉक्टरांचे भावजी."

"अच्छा!" ते म्हणाले, आणि त्यांनी वहीत बरंच काही लिहून घेतलं.

सव्वातीन वाजले. अस्तित्व मोठं की अरुंदपणा, यावर सर आणि मनोविकारतज्ज्ञ यांची चांगलीच जुंपली. वॉर्डबॉय दोर गुंडाळत बसले. मेहुणा रडकुंडीला आला. इंजिनियरचा गाल तर दर मिनिटाला फुगत होता.

शेवटी बाहेरच्या आजी काठी टेकत दारात आल्या.

"अरे, त्या कुत्र्याला बाहेर काढा की आधी!"

सगळ्यांनी खाली बघितलं. खुर्चीखाली मेहुण्याचा चौदा वर्षांचा कुत्रा चारी पाय पसरून घोरत होता! रोज दुपारी तो जिना उतरून गारव्याला तिथेच येऊन पडायचा. घरच्यांना त्याची इतकी सवय होती की पायपुसण्यासारखा तो कुणाच्या नजरेतच येत नसे.

नर्सने त्याला फरफटत बाहेर नेलं. इंजिनियरने पाय खाली सोडले, सुस्कारा टाकला आणि गुहेसारखं तोंड उघडलं. पंधरा मिनिटांत दाढ बाहेर!

सर भिंतीला टेकून उभे होते. 'हुंट' म्हणजे हुंदका नव्हे, कुत्रा, हे आता कुणी न सांगताच कळलं होतं. त्यांना आता आपल्याच लेखातली तळटीप आठवत होती. जर्मन, डच, डॅनिश बोलणारी माणसं हाच शब्द साध्या भीतीलाही वापरतात. अंधाराची, परीक्षेची, कुत्र्याची भीती! एवढं लिहून ठेवलं होतं, पण किरकोळ वाटलं म्हणून अगदी बारीक अक्षरात.

"आजी, तुम्हाला जर्मन येतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे रे बाबा. तो बघतोय कुठे, ते बघितलं."

पावणेचारला इंजिनियरला न्यायला जहाजावरचा एक खलाशी आला. हा होता इथलाच, आणि वर्षानुवर्षं त्यांच्यात राहून त्यांची भाषा शिकलेला. इंजिनियर तोंडात कापसाचा बोळा धरून सरळ सरांकडे आला. त्याने सरांचे दोन्ही हात घट्ट धरले आणि डोळ्यांत पाणी आणून बरंच काही बोलला.

"काय म्हणतोय, भावजी?" मेहुण्याने विचारलं.

सर खलाशाकडे बघू लागले.

मग खलाशीच म्हणाला, "साहेब, तो तुमचे आभार मानतोय. म्हणतो, एवढा मोठा माणूस कुत्र्याला भितो म्हणून सगळे हसतात, त्यामुळे तो कुणाला सांगतच नाही. पण आज पहिल्यांदा त्याच्याइतकाच घाबरणारा माणूस भेटला. तुम्ही पाय वर घेऊन शेजारी बसलात, त्याने त्याला फार धीर आला म्हणे. आणि विचारतोय, तुम्हालाही लहानपणी चावला होता का?"

नर्स बघत होती. मेहुणा बघत होता. मनोविकारतज्ज्ञांनी वही पुन्हा उघडली होती.

सरांनी इंजिनियरचे हात घट्ट दाबले.

"हो म्हणावं," ते म्हणाले. "दोनदा!"