पाणकणसातला पाहुणा

मोजणं या विषयात मला कुणी काही शिकवू नये! पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअरकीपर आहे. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग, सगळं माझ्या हातांखालून जातं. मूठभर वॉशर हातात घेतले की नुसत्या वजनावरून सांगतो, एकोणतीस आहेत. मोजून बघा, एकोणतीसच निघतील. फार तर तीस.

त्यामुळे ऐन हिवाळ्यात, पक्षीगणनेला चार दिवस उरलेले असताना, बायकोची नेहमीची जोडीदारीण पाय मोडून घरी बसली, तेव्हा मी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणालो, "मी येतो की."

"तुम्ही?" बायको म्हणाली. "तुम्हाला चिमणी आणि कावळा सोडून तिसरा पक्षी ओळखता येत नाही."

"ओळखायचं तू. मोजायचं मी. उडणारे वॉशर समजून मोजतो!"

दुसरं कुणी मिळत नव्हतं, म्हणून तिने माझं नाव लिहून टाकलं.

इथे बायकोविषयी सांगायला हवं. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. डॉक्टरला स्वतःला वाचता येत नाही ते अक्षर तिला वाचता येतं. दर हिवाळ्यात गावाबाहेरच्या तलावावर पक्षी मोजायला स्वखुशीने माणसं जमतात, त्यांत ती नऊ वर्षं आहे. तिच्या वहीत नऊ वर्षांत एकही खाडाखोड नाही. या पक्षीमंडळाचे प्रमुख, ज्यांना सगळे दुर्बीणकाका म्हणतात, नव्या माणसांना ती वही उघडून दाखवतात. लोक ती हात न लावता बघतात.

पद्धत सोपी होती. तलावाच्या काठाने ठरलेल्या वाटेने जायचं, ठरलेल्या जागी दहा-दहा मिनिटं थांबायचं, दिसेल ते आणि ऐकू येईल ते लिहायचं. अडचण एकच, माझी कंबर. मला फार वेळ उभं राहवत नाही. म्हणून मी घडीचं स्टूल घेतलं होतं. तीन पायांचं, ॲल्युमिनियमचं, वर जाड कापड.

गणनेच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही काठावर हजर! धुकं असं की मला माझे बूट दिसत नव्हते. पहिल्या थांब्यावर ते जरा विरलं तशी मी बदकं मोजली.

"एकशे बारा!"

"कुठली?"

"ओली."

बायकोने दुर्बीण डोळ्यांना लावली. "लालसरी बदकं आहेत. आणि पाण्यात बुडी मारून पुन्हा वर येणारी दोनदा धरलीत का?"

मी पुन्हा मोजली. ब्याऐंशी. हे मी कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या थांब्यावर पाणकणीस माजलं होतं, माणूसभर उंच. मी स्टूल उघडून टेकलो आणि तेवढ्यात आवाज आला. च्युईंक!

बायको जागच्या जागी थिजली. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"वटवट्या!"

मला वाटलं मलाच म्हणाली. पण तशा नावाचा पक्षी असतो. गवतात लपून बडबड करतो, दिसत मात्र नाही.

"पण हा नेहमीचा नाही," ती कुजबुजली. "हा काहीतरी वेगळाच आहे!"

मी बघायला पुढे वाकलो. च्युईंक!

"अगदी जवळ आहे! हलू नका!"

मी हललो नाही. पक्षी गप्प झाला. पाच मिनिटं गेली, सात गेली. "उडाला वाटतं," ती म्हणाली. मीही हळहळत उठलो. च्युईंक!

"आहे! आहे!" बायकोने फोन काढून आवाज टिपला. मग वहीत लिहिलं: नोंद क्रमांक सत्तेचाळीस, अनोळखी वटवट्या, एक, फक्त आवाज.

चौथ्या थांब्यावर तो पुन्हा ओरडला. पाचव्यावरही! मी म्हटलं, तीन लिहू या. ती म्हणाली, छे, एकच आहे, आपल्या मागोमाग येतोय. मी वरवर काही दाखवलं नाही, पण मनातून फुगलो. मुक्या जीवांना माणूस कळतो, असं माझं पूर्वीपासूनचं मत आहे.

दुपारी सगळ्या जोड्या एकत्र जमल्या. दुर्बीणकाकांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले, उघडले, चष्मा काढला.

"चाळीस वर्षांत," ते म्हणाले, "हा आवाज मी या तलावावर ऐकलेला नाही."

हे अगदी खरं होतं.

आवाज विद्यापीठात गेला. तिथे एक संशोधक बाई आहेत, पक्ष्यांचे आवाज टिपण्यात ज्यांनी निम्मं आयुष्य घालवलं. त्यांचा संध्याकाळी फोन आला. असा धातूसारखा स्वर एकाच जातीचा असतो, ती जात या बाजूला कधीच येत नाही, आणि त्या स्वतः रविवारी सहा तासांचा प्रवास करून येताहेत!

तो आठवडा बायको जमिनीवर नव्हती. औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकाला खोकल्याच्या बाटलीबरोबर वटवट्याची माहिती मिळू लागली. मला सकाळी न मागता दुसरा चहा मिळाला. बावीस वर्षांच्या नोकरीत मला जो मान मिळाला नाही, तो एका च्युईंकने मिळवून दिला.

मग बुधवार उजाडला.

स्टोअरमधल्या माझ्या खुर्चीचा पाय निखळला होता, म्हणून मी घरचं स्टूल कारखान्यात नेलं होतं. सगळ्यात खालच्या रॅकमधली बेअरिंगं मोजायला मी त्यावर टेकलो. च्युईंक!

मी आनंदाने वर पाहिलं. कारखान्यात आला! मला शोधत आला! मी झरोक्याकडे बघत उठलो. च्युईंक! खिडकी उघडली, बाहेर नुसता मालट्रक उभा होता. पुन्हा बसलो. च्युईंक!

मग मी सावकाश स्टुलाकडे पाहिलं. उठलो, बसलो. उठलो, बसलो. असं अकरा वेळा केलं. तेवढ्यात वेल्डर हातमोजे न्यायला आला, दारातच थांबला आणि हातमोजे न घेता परत गेला.

तुम्ही म्हणाल, तेल का नाही घातलं? तेलाचा डबा हाताच्या अंतरावर होता, सुचलं नाही असं नाही. पण पुरावा नष्ट करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मी ठरवलं, संध्याकाळी बायकोला सरळ सांगून टाकायचं.

संध्याकाळी ती रविवारसाठी हिरवा स्वेटर इस्त्री करत होती.

"अगं," मी सुरुवात केली, "त्या आवाजाचं..."

"नऊ वर्षं," ती इस्त्री फिरवत म्हणाली, "मी बगळे लिहितेय, धोबी पक्षी लिहितेय. ती वही सगळे बघतात, वाचत कुणी नाही. पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारायला येतंय. मला! तुम्ही काय म्हणत होता?"

"काही नाही," मी म्हणालो. "स्वेटर छान आहे."

मी नवीन बेत आखला. स्टूल माळ्यावर, सुटकेसांच्या मागे. रविवारी पक्षी ओरडणार नाही. पक्षी आहे तो, गेला उडून! कोण विचारणार आहे त्याला?

रविवारी सकाळी काठावर चौतीस माणसं होती. मी मोजली, त्यांतलं कुणी बुडी मारत नव्हतं. संशोधक बाईंच्या कानांवर मोठे हेडफोन आणि हातात छत्रीएवढा मायक्रोफोन. सगळे पाणकणसासमोर श्वास रोखून उभे. एक तास गेला. दीड गेला. थंडीने कुणाचे तरी दात वाजले तर बाईंनी त्याच्याकडे मायक्रोफोन वळवला.

मंडळात एक दंतवैद्य आहेत. बायकोच्या खालोखाल त्यांची वही चांगली समजली जाते आणि हे खालोखाल त्यांना नऊ वर्षं सलतंय.

"असं होतं कधीकधी," ते मऊ आवाजात म्हणाले. "दाराची बिजागरी वगैरे कुरकुरते आणि माणसाला वाटतं पक्षी."

"इथे दार कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"नाही, तसं नव्हे. भासही होतो माणसाला. धुक्यात."

बायकोची हनुवटी जरा थरथरली ती मी पाहिली. दोन तास झाले तशी माणसं घड्याळं बघायला लागली. तिने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तिला आठवलं.

"अहो! केव्हाचे उभे आहात! कंबर धरेल ना!"

"मुळीच नाही! मस्त वाटतंय!"

"थांबा, स्टूल आणलंय मी. माळ्यावर कुणी टाकलं होतं कोण जाणे, सुटकेसांच्या मागे!"

ती गाडीपाशी गेली. परत आली. चौतीस माणसांसमोर तिने स्टूल उघडून माझ्या मागे ठेवलं.

"बसा."

"नको गं."

"बसा म्हणते ना!"

"बसा हो, आम्हाला काही त्रास नाही," दुर्बीणकाकाही म्हणाले.

मी बसायला सुरुवात केली. इतक्या हळू आजवर कुणी बसलं नसेल. कापडाला पाठीमागून नुसता स्पर्श झाला असेल नसेल. च्युईंक!

बाईंचा हात ताडकन वर गेला. चौतीस माणसं पुतळे झाली. बायकोचा चेहरा असा उजळला की मला ना पुरतं बसवेना, ना उठवेना. मी मधेच थांबलो. अधांतरी. कंबर दुखणाऱ्या माणसाने ज्या अवस्थेत कधीही थांबू नये त्या अवस्थेत! आधी मांड्या कापायला लागल्या. मग मी सगळाच कापायला लागलो.

च्युईं-च्युईं-च्युईं-च्युईं-च्युईं!

"गातोय!" बाई पुटपुटल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी. "मादीला बोलावतोय! अजून कुणीही हे टिपलेलं नाही!"

दुर्बीणकाकांनी टोपी काढली. दंतवैद्य पांढरे पडले. कुणीतरी सेकंद मोजत होतं, "एकोणीस... वीस... एकवीस..." मायक्रोफोन पाणकणसावरून डावीकडे सरकला, थांबला. उजवीकडे सरकला, थांबला. मग हळूहळू मागे वळला, दंतवैद्यांना ओलांडून, काकांना ओलांडून, आणि माझ्या कंबरेसमोर येऊन स्थिर झाला.

बाईंनी हेडफोन काढले.

"जरा उठता का?" त्या म्हणाल्या.

मी उठलो. च्युईंक.

"बसा."

बसलो. च्युईंक.

"पुन्हा उठा."

मी पाच वेळा उठलो, पाच वेळा बसलो. दंतवैद्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली.

बायको पुढे आली. तिने आपली वही उघडली, काकांकडून पट्टी मागून घेतली, आणि नऊ वर्षांतली पहिली रेघ ओढली. अगदी सरळ. बाजूला सही, तारीख.

"नोंद क्रमांक सत्तेचाळीस. रद्द," ती म्हणाली. आवाज कापला नाही.

बाई सहा तासांच्या परतीच्या प्रवासाला निघताना तिच्याजवळ थांबल्या. "रेकॉर्डिंग मात्र फार स्वच्छ होतं तुमचं," त्या म्हणाल्या. "आणि चूक अशी खोडणारी माणसं फार थोडी भेटतात. पुढच्या वर्षी आमच्या नोंदी तपासायला याल का?"

बायकोने मान डोलावली. माझ्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ नुसता वायपरचा आवाज. पाऊस नव्हता, चुकून सुरू झाले होते, पण बंद करायचं धाडस होईना.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"आत्ताच. तुझ्याबरोबरच."

"स्टूल माळ्यावर होतं."

"बुधवारी," मी म्हणालो.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो. तू स्वेटर इस्त्री करत होतीस. म्हणालीस, पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारायला येतंय."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला तिने हात पुढे करून वायपर बंद केले.

"मांड्या दुखतायत का?" तिने विचारलं.

"फार!"

मग ती हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग सगळीच. इतकी हसली की सिग्नल हिरवा झाला, परत लाल झाला, मागचे लोक हॉर्न वाजवून दमले, आणि आमची गाडी तिथेच.

पुढच्या हिवाळ्यात तिची जोडीदारीण बऱ्या पायाने परत आली. तरीही मला मंडळातून काढलं नाही, हे मुद्दाम सांगतो. उलट काकांनी मला स्वतंत्र विभाग दिला, पाण्याच्या टाकीच्या मागचा. तिथे कावळ्यांशिवाय काही दिसल्याची नोंद नाही. मी एकटा गेलो, उभ्याने मोजलं, स्वच्छ अक्षरात लिहिलं: कावळे, चार.

बायको खात्री करायला येऊन गेली. तीन होते. चौथी प्लास्टिकची पिशवी निघाली. पण वाऱ्यावर उडत होती हो!