पहिली रांग, डावं टोक

आमच्या बोळातल्या आप्पांसमोर बोलताना मध्ये थांबायची सोय नाही. तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तरी पुढचा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडतो. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलगा "मला मुलगी..." म्हणून अडखळला आणि शेजारी बसलेल्या आप्पांनी हळूच "पसंत हाय" पुरवलं. लग्न झालं. "मी विचार करायला वेळ मागणार होतो," असं आमचे मेव्हणे अजून सांगतात.

दोष आप्पांचा नाही. साखर कारखान्यात नोकरीला असताना तिथल्या हौशी नाटकमंडळात ते पंचवीस वर्षं प्रॉम्प्टर होते, विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायचे. एन्ट्रीआधी कुणी कचरलं, की विंगेतून म्हणायचे, "चालू द्या, मी हाय." पुढे निवृत्त झाले, पण विंगेतून काही बाहेर आले नाहीत.

यंदा मे महिन्यात जयसिंगपूरला दिवसभराचा नाट्यमहोत्सव होता. आप्पांचे कारखान्यातले दोस्त शामराव पंचाहत्तराव्या वर्षी एकांकिकेत उभे राहणार होते. बोळातल्या आम्हा दहा जणांना न्यायचं आप्पांनी मनावर घेतलं. जीप ठरली. निघायची वेळ त्यांनी सांगितली, पहाटे साडेपाच.

"आप्पा, एकांकिका अकराला हाय," मी म्हणालो.

"जागा धराय पायजे. पहिली रांग, डावं टोक."

"मधे बसू की. चांगलं दिसतंय."

"दिसून काय करायचंय? आता कोण प्रॉम्प्टर ठेवत न्हाई. शामराव त्याच बाजूला उभा असणार, अडकला तर त्याला ऐकू जाय पायजे."

या डाव्या टोकावरून तीन बैठका झाल्या. माझ्या बायकोचं म्हणणं, नऊला निघावं आणि आधी तिथलं भडंग घ्यावं.

"वहिनी, भडंग खायला चाललाय का नाटक बघाय?" आप्पांनी विचारलं.

"दोन्हीला," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं आमचं एकमत झालं. त्यात संक्रांतीपासून दर गुरुवारी ते गुडघ्याच्या औषधाला म्हणून एसटीनं जयसिंगपूरला एका वैद्याकडे जायचे आणि तसेच लंगडत परत यायचे. त्या वैद्याची मी पुष्कळ टिंगल केली होती.

शेवटी निघायला साडेसात वाजले. वाटेत आप्पा सारखं घड्याळ बघत होते. पोचलो तर डाव्या टोकाच्या खुर्चीवर कुणाचा तरी रुमाल. दुसऱ्याच्या वस्तूला कधी हात न लावणाऱ्या आप्पांनी तो उचलला, घडी घालून दुसऱ्या रांगेत ठेवला आणि बसले. मी त्यांच्या शेजारी.

शामराव बापाच्या भूमिकेत होते. दहा मिनिटं झकास गेली. मग लेकीला निरोप देताना "घर तुझंच हाय पोरी, पण..." म्हणाले आणि थांबले. थांबलेच. नजर सैरभैर झाली.

"पण येताना एकटी येऊ नको," शेजारून बारीक आवाज आला.

शामरावांनी आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य म्हटलं. पुढे ते आणखी चारदा अडकले, चारही वेळा आप्पा होते. मांडीवर वही नव्हती, डोळे मिटलेले होते. मागच्या रांगांना पत्ताही लागला नाही. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा आप्पांनी डोळे उघडले.

बाहेर शामरावांची सून आली आणि आप्पांच्या पाया पडली. "काका, दर गुरुवारी येऊन तुम्ही तालीम घेतलीसा म्हणून झालं. डॉक्टर म्हणत्यात, इसरणं आता वाढतच जाणार. त्यास्नी एकदा उभं राहायचं होतं."

गुडघ्याचं औषध मला तेव्हा कळलं. केलेल्या टिंगलीची लाज वाटली.

परतताना जीपमध्ये भडंगाची पिशवी फिरत होती. आप्पा बाहेर उसाकडे बघत होते.

"पुढच्या मे महिन्यात शामराव मला तरी..." ते म्हणाले आणि थांबले.

पुढचा शब्द अख्ख्या जीपला ठाऊक होता. कुणी तो उच्चारला नाही. बायकोनं मूठभर भडंग त्यांच्या ओंजळीत घातलं. मी त्यांच्या बाजूला सरकलो.

"चालू द्या, आप्पा," मी म्हणालो. "आमी हाय."