बोटमामांचा बफे

आभाळ भरून आलं की बोटमामा टेबलावरचा पांढरा कपडा ओला करायचे.

तांब्या घेऊन यायचे, ओंजळीनं पाणी शिंपडायचे आणि तळहातानं ते सगळीकडे सारखं पसरवायचे. मग गंगाखेडच्या एस.टी. स्टँडमागच्या त्यांच्या खानावळीत जेवायला बसलेल्या प्रत्येकाचे कोपर भिजायचे. नवा माणूस हमखास विचारायचा, "मामा, हे काय?" मामा खिडकीतून ढगाकडे बोट दाखवायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "वादळ व्हायलंय. कोरड्या कापडावर ताटं घसरतेत."

आता गंगाखेडहून समुद्र कुठल्याही दिशेला निघालात तरी लवकर लागत नाही. गोदावरी आहे, पण उन्हाळ्यात तिच्यात म्हैससुद्धा नीट बुडत नाही. ताट घसरायचं काही कारणच नव्हतं. हे मामांना कळत नव्हतं असं नाही. "जमीन हालत न्हाई, ठावं हाय मला," ते म्हणायचे. "पर सवयीला कोण सांगनार?"

मामा मूळचे ताडकळसचे. बापाशी भांडून तरुणपणी मुंबईला पळाले, गोदीत ओझी वाहिली, आणि कुणाच्या तरी ओळखीनं आफ्रिकेला जाणाऱ्या उतारूंच्या बोटीवर भांडी घासायला लागले. भांडी घासता घासता वाढपी झाले. पुढं लोक विमानानं जायला लागले, बोट मोडीत निघाली आणि मामा एक ट्रंक घेऊन गंगाखेडला उतरले. लग्न राहूनच गेलं. "बंदराला बोट थांबायची किती? त्यात बायको बगावी का कपडे धुवावेत?"

मी तेव्हा झेडपीच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. बदलीवर आलेला, सडाफटिंग, आणि खाण्याच्या बाबतीत अत्यंत हळवा. पहिल्या दिवशी मामांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नवे प्याशिंजर का?" त्यांच्याकडे गिऱ्हाईक नव्हतंच, सगळे प्याशिंजर. स्वयंपाकघराला ते ग्याली म्हणत. ग्यालीत काशीबाई नावाच्या विधवा बाई भाकरी थापायच्या. त्यांनी जन्मात गोदावरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, पण "ग्यालीत येऊ नगा, आंग पोळंल" असं त्या अगदी सहज ओरडायच्या.

वेळेच्या बाबतीत मामा कसाई होते. पहिली घंटा झाली की हात धुवायचे, दुसरी झाली की बसायचं, आणि मग दाराला आडणा. एकदा तालुक्याचे एक बडे साहेब जरा उशिरा आले. आत आम्ही जेवतोय हे त्यांना खिडकीतून दिसत होतं. त्यांनी दार वाजवलं. मामा आतून अदबीनं म्हणाले, "साहेब, बोट धक्क्यावरनं हाललेली हाय. आता पव्हूनच यावं लागंल." साहेब तसेच गेले. मामांना ना त्याचं भय वाटलं ना दुःख.

जागासुद्धा नंबराच्या. एकदा नंबर मिळाला की तीच खुर्ची. देशमुख तलाठी नवीन आले तेव्हा त्यांना पाच नंबर मिळाला. घरची भरपूर शेतीवाडी, झुपकेदार मिशा, आवाज दोन शेतं पलीकडे जाणारा. चार नंबरवर आमचे वाघमारे, कालव्याच्या कामावरचे ओव्हरसियर. वाघमाऱ्यांच्या घरच्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. माणूस चष्म्याच्या वरून बघणारा, कमी बोलणारा, आणि बोलला की समोरच्याला दोन दिवस आठवण राहील असं बोलणारा. देशमुखांनी मामांना कोपऱ्यात घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले, "मामा, तेवढी जागा बदलून द्या."

मामांना हळू बोलता यायचं नाही. "कामून? खुर्ची हालायलीय?"

"न्हाई."

"ऊन येतंय?"

"न्हाई हो."

"मग कम्प्लेन काय हाय? बोटीचा कायदा हाय, देशमुखसाहेब. कम्प्लेन समद्या प्याशिंजरांम्होरं मोठ्यानं सांगायची. थांबा, घंटी वाजवतो."

आणि त्यांनी खरोखर घंटा वाजवली. आमचे घास हातात राहिले. वाघमाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मोठ्या उत्सुकतेनं म्हणाले, "सांगा की. आमालाबी कळू द्या." देशमुख कानापर्यंत लाल झाले. शेवटी म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाय." मामांनी मीठ आणून दिलं. देशमुख पाच नंबरवर बसले ते कायमचे. सहा महिन्यांनी कालव्याचं पाणी कुठल्या गावाला आधी यावं यावर हे दोघं इतके भांडायचे की बाकीच्यांना रस्सा मागायला फट मिळायची नाही.

अर्थात रस्सा मागावा लागायचाच नाही. मामांची खरी कला तिथं होती. तुम्ही "नको" म्हणायला तोंड उघडेपर्यंत वाटी भरलेली असायची. पळी हातभर वरून यायची आणि एक थेंब बाहेर नाही. बोटीवर म्हणे त्यांना ही हौस भागवता आली नव्हती. तिथं माणूस नको म्हणाला की विषय संपला. पहिल्याच फेरीत एका मडमेनं बटाट्याला नको म्हटलं, मामांनी वाढलं. तिनं पुन्हा नको म्हटलं, मामांनी पुन्हा वाढलं. तिसऱ्या वेळी ती बाई ताट सोडून उठली. "मला वाटलं, बाई लाजायलीय," मामा सांगायचे. "कप्तानानं बलावलं, लय बोलला. तवापसून तिकडं कुनी नको म्हनलं की आपन मागं सरायचं. रातचं झोप यायची न्हाई, मास्तर. वाटायचं, उपाशी गेला आसंल का माणूस?" वर्षानुवर्षांचा हा तुंबलेला आग्रह मामांनी गंगाखेडात आमच्यावर मोकळा सोडला होता. माझ्या दोन पँटी त्यात कमरेला आवळून कामातून गेल्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांनी एका सोमवारी दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं: ‘आजपासून बफे’. मामांचं अक्षर एरवी सरळ, पण त्या दिवशी त्यातला ‘फ’ चांगलाच नागमोडी होता. मी ड्रॉइंग मास्तर म्हणून नाक मुरडलं. दुसरं काही माझ्या मनात आलं नाही.

आत भिंतीला लावून एक टेबल, त्यावर रश्श्याचं पातेलं, भाजी, वरण, भाकरीची चवड. मामा हात पाठीमागे बांधून उभे. "पुढारलेल्या बोटींत आता वाढपी न्हाई," त्यांनी जाहीर केलं. "प्याशिंजर उठतो, पाहिजे ते, पाहिजे तेवढं घेतो. कुनाची जबरदस्ती न्हाई. समदी आजादी."

"म्हंजे मीच मला वाढू?" देशमुख म्हणाले. "लोकांच्या म्होरं?"

"हां."

"हावऱ्यावानी?"

मामा ग्यालीच्या दारातल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि रस्त्याकडे बघायला लागले.

त्यानंतर जे झालं ते फक्त आमच्याच भागात होऊ शकतं. आमच्याकडे माणूस तीनदा नको म्हणतो आणि चौथ्यांदा गप्प बसतो. ते गप्प बसणं म्हणजे "वाढा". आता वाढणाराच नाही म्हटल्यावर नको तरी कुणाला म्हणायचं? पातेल्यापाशी नुसतं "आधी तुमी", "छे छे, तुमी व्हा म्होरं" सुरू झालं. लाजेकाजेस्तव प्रत्येकानं एक भाकरी आणि पोराला भरवावी एवढी भाजी घेतली. ती तर लगेच संपली. मग आम्ही बसून राहिलो. वांग्याच्या रश्श्याचा वास सगळ्या खोलीत भरलेला, पातेलं चार पावलांवर, आणि एकही मायेचा पूत उठेना. उठला तर तो खादाड ठरणार. देशमुख मिशा पुसत म्हणाले, "भरलं बा पोट." वाघमारे म्हणाले, "मी तसाबी रातचं कमीच जेवतो." मी काय म्हणालो ते सांगत नाही. सगळे हात धुऊन उठलो, आणि काशीबाई भरलेल्या पातेल्याकडे बघत कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

मंगळवारी तेच, बुधवारी तेच. बुधवारी मी गुपचूप स्टँडवरच्या हाटेलात भजे खायला गेलो. खांबाआड पाठ करून देशमुख बसले होते, पुढ्यात दोन प्लेटी. आम्ही एकमेकांना न पाहिल्यासारखं करत होतो तेवढ्यात कागदात भज्यांचं पुडकं बांधून घेत असलेले वाघमारे काउंटरवरून वळले. तिघं एकमेकांसमोर.

"कमी जेवता म्हने रातचं," देशमुख म्हणाले.

"तुमचं तर भरलं होतं पोट," वाघमारे म्हणाले.

मग आम्ही एकाच बाकावर बसलो. देशमुखांनी बातमी आणली होती. स्टेशनाजवळ नवी खानावळ निघाली होती, तिथली बाई स्वतः पानापानाशी येऊन वाढायची. बाकीचे प्याशिंजर तयार होते, पहिल्या तारखेपासून सगळ्यांनी तिकडं जायचं. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. आमचं टेबल उठलं की मामांकडे दुसरं टेबल नव्हतं. आमच्याशिवाय त्यांच्याकडे दुसरं कोणीच नव्हतं म्हणा ना.

वाघमारे म्हणाले, "जायचं तर तोंडावर सांगून जाऊ. मोठ्यानं. कायदाच हाय तसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आपापल्या नंबरावर बसले. कुणी ताट घेऊन उठलं नाही. देशमुखांनी उठून स्वतःच घंटा वाजवली. मामा दचकून उभे राहिले.

"मामा, कम्प्लेन हाय," देशमुख त्यांच्या खऱ्या आवाजात म्हणाले. "उपाशी मरायलोत आमी. तुमचा बफे तुमाला लखलाभ. पळी हातात घ्या आन् पयल्यावानी वाढा. न्हाईतर पयलीपासून आमी चाललो."

"तिकडं बोटीत आता—" मामा सुरू करायला लागले.

"बोट गेली खड्ड्यात! वाढता का जाऊ?"

मामांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग पातेल्यापाशी गेले, पळी भरली आणि देशमुखांकडे निघाले. पळी डाव्या हातानं उजवं मनगट धरून आणत होते. तरी ती थडथड हालत होती. आधी रस्सा जमिनीवर सांडला, मग कपड्यावर, मग वाघमाऱ्यांच्या बाहीवर. देशमुखांच्या वाटीपर्यंत पळी पोचली तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. तरी मामांनी ती वाटीवर नेमानं पालथी केली.

मामा पळीकडे बघत म्हणाले, "आज बोट लय हालायलीय, देशमुखसाहेब."

ग्यालीच्या दारातून काशीबाई बाहेर आल्या. त्या रागावल्या होत्या, पण कुणावर ते त्यांनाही कळत नसावं. "सांगा की खरं! संक्रांतीपसून हात ऐकंना त्यांचा. दवाखान्यात गेले, डाक्टर म्हनला हे आता आसंच ऱ्हानार. म्हनले, वाढता येईना हे प्याशिंजरांना कळू देऊ नगं. म्हनून ते बफे का काय ते. घास तोंडापतूर जात न्हाई, आर्धा सदऱ्यावर पडतो. म्हनून तुमी गेल्यावर दार लावून एकले जेवतेत. मलाबी भाईर काडतेत."

"काशीबाई, ग्यालीत जा," मामा म्हणाले.

"जात न्हाई!"

मामा खाली बघत उभे होते. वयानं आमच्या बापासारखा माणूस, आमच्यासमोर शिक्षा झाल्यासारखा उभा होता आणि मला ते बघवेना. वाघमारे उठले. बाहीवरचा रस्सा त्यांनी पुसलासुद्धा नाही. मामांच्या हातातून पळी घेतली आणि पाच नंबरपासून सुरुवात केली.

"रस्सा, देशमुख?"

देशमुखांनी हात आडवा केला. "नको, नको—"

वाघमाऱ्यांनी त्यांच्या बोटांवरूनच वाढलं. मग मला, मग पुढच्याला. कुणी भाकरी फिरवायला घेतली, कुणी वरण. एकजण दुसऱ्याच्या ताटावर आडवा होऊन त्याला भात घे म्हणत होता. तीन दिवसांची भूक आणि तीन दिवसांचा आग्रह, असा गोंधळ त्या खानावळीत कधी झाला नसेल. मामा कासावीस होऊन मध्येमध्ये म्हणत होते, "आवो, प्याशिंजरनं कामाला हात लावायचा नस्तो. बसा. बसा तुमी."

"तुमी बसा," देशमुख म्हणाले. त्यांनी स्वतःची खुर्ची सोडली आणि मामांना दंडाला धरून तिथं बसवलं. काशीबाईंनी धावत जाऊन ताट आणलं. ताट वाढून झालं, तरी मामा हात मांडीखाली दाबून बसलेले. आमच्यासमोर ते हात बाहेर काढायला तयार नव्हते.

देशमुख शेजारी उभे होते. वाकले, मामांच्या ताटातली भाकरी घेतली, दोन्ही हातांनी चुरली, त्यावर रस्सा ओतला आणि लेकराला द्यावा तसा मऊ काला केला. तोंडावर मिशा होत्या म्हणून ओठ काय करत होते ते दिसलं नाही. मग ताट मामांच्या पुढ्यात, अगदी छातीजवळ सरकवलं.

वाघमारे पळी घेऊन तसेच उभे होते. मग मामांचा हात मांडीखालून हळूहळू वर आला, थरथरत काल्यापर्यंत पोचला. उचललेला घास थोडा ताटात सांडला, थोडा सदऱ्यावर, बाकी तोंडात गेला. मामांनी तो चावला, गिळला आणि आमच्याकडे पाहिलं.

"जेवा की," ते म्हणाले. "गार व्हायलंय."

आणि आम्ही सगळे जेवायला लागलो.