चेहरा स्पष्ट करून मिळेल

फोटो एडिटिंग अवघड असतं असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. अवघड काय आहे त्यात? अकरा दिवसांत शिकलो मी! तेही क्लास न लावता, ऑफिस सांभाळून आणि बायकोचे टोमणे खात. पहिल्या दिवशी मी आकाश निळं केलं. दुसऱ्या दिवशी आणखी निळं केलं. चौथ्या दिवशी माझ्या कॅमेऱ्याने गच्चीवरून काढलेल्या एका जुन्या फोटोतली विजेची तार पुसायला गेलो, तर चुकून समोरची इमारतच पुसली गेली. ती परत आणण्यात पुढचे दोन दिवस गेले.

"समोरच्यांना कळवलंत का?" बायकोने विचारलं.

कलावंताच्या घरात अशी माणसं असायचीच. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तिनेच मला एक किरकोळ काम दिलं होतं. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडेच राहतात. त्यांच्या एका फोटोत चष्म्यावर उजेड चमकत होता, तेवढा घालवायचा होता. बाबांचा तो फोटो चार दिवस माझ्या स्क्रीनवर उघडाच होता. घाई कशाला करायची?

अशात एका रविवारी सकाळी दहाला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. या गृहस्थांना नोटिसा लावण्याचा नाद आहे. त्यांनी घरी लॅमिनेशनचं यंत्र घेऊन ठेवलंय, यावरून काय ते ओळखा.

"चोर सापडला!" ते म्हणाले. "फक्त दिसत नाहीये!"

चोरी अशी होती. आमच्या इमारतीत तळमजल्यावर व्यायामाची खोली आहे. तिथे एक न चालणारी सायकल आहे, कुणी न उचललेले दोन डंबेल्स आहेत आणि एक वजनकाटा होता. त्यावर उभं राहून लोक काट्यातच दोष काढायचे. बुधवारी तो काटा नाहीसा झाला. सेक्रेटरींनी सीसीटीव्हीतून त्या वेळचा फोटो काढून आणला होता. कॅमेऱ्याच्या भिंगावर कोळ्याने संसार थाटलेला. त्या जाळ्याआड एक करडी आकृती, काखेत काहीतरी चौकोनी, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता डाग.

"मावशीच आहेत," सेक्रेटरी म्हणाले.

"कशावरून?"

"खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते."

"किल्ली तर दाराबाहेर खिळ्याला टांगलेली असते!"

"पण खिळ्यावरून रोज काढतं कोण? त्याच ना?"

मावशी म्हणजे आमच्या इमारतीचे जिने झाडणाऱ्या, पुसणाऱ्या बाई. गुरुवारी सेक्रेटरींनी त्यांची पिशवी लिफ्टसमोर उपडी करायला लावली होती. डबा, कंगवा आणि नातवाच्या वहीला घालायचं कव्हर, एवढंच निघालं. तरी यांचं समाधान नाही. संध्याकाळी सहाला मीटिंग होती, आणि फोटोत वेगळं कुणी दिसलं नाही तर मावशींचं काम उद्यापासून बंद होणार होतं.

मला मावशींचं फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. माझ्या विद्येची समाजाला गरज पडली होती!

"दोन तास द्या. चेहरा स्पष्ट करून देतो!" मी म्हणालो.

मावशी तेव्हा आमच्याच मजल्यावर फरशी पुसत होत्या. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"साहेब, खरंच दिसेल?"

"मावशी, चोराच्या भुवयांचे केस मोजाल!"

"बघा हं. नऊ वर्षं जिने पुसतेय. काम गेलं तर दुसरं शोधीन, पण चोर म्हणून नाही जायचं मला इथनं."

मी बाह्या सरसावून बसलो. आधी फोटोची धार वाढवली, तर डागाला काटे फुटले. उजेड वाढवला, तर चोराचं भूत झालं. रंग सुधारायला गेलो आणि चोर हिरवा पडला. शेवटी मी शिक्क्याचं चित्र असलेला ब्रश घेतला. त्याचं नेमकं काम मला ठाऊक नव्हतं, पण शिकवणीच्या व्हिडिओतला माणूस म्हणाला होता की हा ब्रश म्हणजे सगळ्या डागांवर अक्सीर इलाज. माझ्यासमोर तर अख्खा डागच बसला होता!

हलक्या हाताने ब्रश फिरवला आणि काय सांगू, डागातून कपाळ वर आलं! मग चष्मा! मग मिशी! मावशींना मिशी नाही! मी खोलीत एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. चेहरा नखाएवढा होता, पण इतका स्वच्छ की बाकीचा फोटो त्याच्यापुढे गबाळा दिसत होता. मी तो तडक सेक्रेटरींना पाठवून दिला.

पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन आला. "अहो, कमाल केलीत! काय नाक आलंय! चेहरा ओळखीचा वाटतोय, पण नाव ओठांवर येत नाहीये!"

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, "झाला वाटतं बाबांचा फोटो. पण त्यांना जाळ्यात का बसवलंय? आणि काखेत काय दिलंय?"

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. मग उलगडा झाला. हा शिक्क्याचा ब्रश एकीकडचं चित्र उचलून दुसरीकडे छापतो. शेजारी चार दिवस बाबांचा फोटो उघडा होता, आणि ब्रशने पहिला ठसा त्यातूनच उचलला होता. मी चोराचा चेहरा शोधून काढला नव्हता, सासऱ्यांचा चेहरा त्याच्या मानेवर बसवला होता! चष्म्यावरच्या उजेडासकट!

मी जिन्यावरून धावत सुटलो. लिफ्टमध्ये नोटीस लागलेली होती. 'या इसमास ओळखा!' सेक्रेटरी शेजारी उभे राहून कडेचे बुडबुडे बोटाने दाबत होते. यांचा आणि बाबांचा रोज दुपारी चारला कॅरमचा डाव असतो.

"आत्ता ओळखलं," ते म्हणाले. "चष्म्यावरून. वाईट वाटलं हो."

"काढा ते! तो फोटो चुकीचा आहे!"

"घरचा माणूस निघाला म्हणून चुकीचा? मावशी निघाल्या असत्या तर बरोबर होता ना?"

 नोटीस फाडायला गेलो, तर ती फाटेना. लॅमिनेट केलेली!

घरी बायकोने माझं जे काही केलं ते इथे सांगत नाही. खरा पेच असा होता की फोटो खोटा आहे असं कबूल करावं, तर मावशींवरचा आळ पुन्हा मावशींवरच. गप्प बसावं, तर बाबा चोर. दुपारी बाबा बाहेरून आले, तेही लिफ्टनेच. "फोटो छान आलाय," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठरवलं, मीटिंगमध्ये सगळं कबूल करायचं आणि मावशींसाठी हवं तर सेक्रेटरींशी भांडायचं.

सहाला झाडून सगळे हजर होते. एरवी पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला चार टाळकी येत नाहीत! मावशी दाराशी उभ्या होत्या. मी उठलो.

"मंडळी, तो जो चेहरा आहे, तो मी..."

"तुमचे आभार शेवटी मानणार आहोत. बसा!" सेक्रेटरी म्हणाले.

तेवढ्यात बाबाच उठले.

"तो फोटो खोटा आहे," ते शांतपणे म्हणाले. "काटा नेला तेव्हा डोळ्याला चष्मा नव्हता. तो चेहरा जावईबापूंनी कुठूनतरी आणून चिकटवलाय."

माझा जीव भांड्यात पडला.

"पण काटा मीच नेला."

जीव भांड्यातून बाहेर आला.

"दर रविवारी ही मला पार्सलासारखं त्या काट्यावर ठेवते," बाबांनी माझ्या बायकोकडे बोट दाखवलं. "अर्धा किलो वाढला की आठवडाभर बिस्किटं बंद! या वयात माणसाने काय बिस्किटांच्या रिकाम्या डब्याचा वास घेत जगायचं? म्हणून नेला. आणि मावशी, तुमच्यावर आळ आला तेव्हाच बोलायला हवं होतं मी. चार दिवस धीर झाला नाही. माझं चुकलं."

बाबांचा आवाज कापत होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मावशींच्या नाही आलं. "काका, दोन बिस्किटांपायी माझी नोकरी घालवत होतात की हो!" त्या म्हणाल्या. मग सेक्रेटरींकडे वळल्या. "आणि तुम्ही माझी पिशवी सगळ्यांसमोर उपडी करायला लावलीत. आता चूक झाली म्हणून नोटीस लावा. कागदाची नको, ती प्लॅस्टिकवाली."

"लावतो," सेक्रेटरी जमिनीकडे बघत म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलता येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"ते सगळं ठीक," बायको म्हणाली. "काटा कुठाय, बाबा?"

"जावईबापूंच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत."

मी ताडकन उठलो. "बाबा! अहो, आत माझा कॅमेरा आहे! त्याच्यावर काटा कोंबलात?"

"कॅमेरा कुठला? तो तुमच्या धाकट्या मुलीने सहलीला नेलाय. दहा दिवस झाले. तुम्हाला विचारूनच नेला. तुम्ही कॉम्प्युटरवरून मान न काढता 'हं' म्हणालात."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सेक्रेटरींचीही, आणि जरा जास्तच आनंदाने.

"मग साहेब," मावशींनी विचारलं, "दहा दिवस तुम्ही फोटो कशाने काढत होता?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि मीटिंगची वेळ संपल्याचं सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं.