छावणीतून आलेला मेल

"आपल्या कॉम्प्युटरात व्हायरस? अहो, डास तरी शिरून दाखवू दे!" गावच्या दूध सोसायटीचे ऑपरेटर सुंदरराव येईल त्याला ऐकवायचे. 'अनोळखी मेल उघडू नये' हा कागद भिंतीवर त्यांनीच तर डकवला होता!

पण त्या उन्हाळ्यात गड्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. दुष्काळानं गावातला चारा संपला आणि त्यांची बायको अंजनाबाई म्हशी घेऊन मांजरसुंब्याकडच्या चारा छावणीत राहायला गेली. घर नुसतं खायला उठायचं! फोन केला की बाई म्हशींचं सांगायची, कडब्याचं सांगायची, टँकरचं सांगायची आणि "ठेवते" म्हणायची. तुमची आठवण येते, एवढंच सुंदररावांना ऐकायचं होतं. तेवढंच काही केल्या येईना.

आणि एका संध्याकाळी आलं की! सोसायटीच्या मेलवर! 'तुमची खूप आठवण येते. माझा फोटो उघडून बघा. तुमचीच.'

सुंदररावांनी पुन्हा पुन्हा वाचलं. भिंतीवरच्या कागदाकडं पाठ केली आणि दाबलं बटण! स्क्रीन लालभडक. दुधाच्या सगळ्या नोंदी कुलूपबंद!

चेअरमन आप्पा धावत आले, मागोमाग कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कय्युम.

"कुणाचा मेल उघडला बे?" आप्पा कडाडले.

"अंजनाचा."

कय्युमनं कपाळावर हात मारला. "काका, काकूकडं बटनाचा फोन हाय! त्याच्यावरनं मेल कसा येईल?"

"ठावं व्हतं रे मला."

"मंग उघडला कावून?"

सुंदरराव उगाच कीबोर्डवरची धूळ पुसू लागले. आप्पांनी तिरीमिरीत अंजनाबाईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर आदळला. "सांग आता तिला, काय दिवे लावले ते!"

"अंजना, लई घोटाळा झाला. तुझा म्हणून एक खोटा मेल उघडला मी. सगळं कॉम्प्युटर बसलं."

"काय लिव्हलं व्हतं त्यात?"

"आठवण येती म्हणून."

पलीकडं अंजनाबाईनं ओरडणाऱ्या म्हशीला आधी दटावलं.

"मंग त्यात खोटं काय हाय, अवो?"

सुंदररावांचे डोळे भरून आले. सोसायटी, आप्पा, दुष्काळ, सगळं विसरून ते फोनवर वाकले. "अंजे, आणखी एकदा म्हण की!"

"म्हणू द्या काका," कय्युम खाकरला, "पण आधी स्पीकर बंद करा. बाहेर दुधाची समदी रांग ऐकायलीय!"