व्हिजिटर्सच्या बाजूला

राधाने फोनवर तीन अटी घातल्या आणि स्वातीने त्या ग्रोसरीच्या यादीमागे लिहून घेतल्या. डबा आणायचा नाही. स्टँडमधून हाका मारायच्या नाहीत. आणि मॅच संपेपर्यंत भेटायला खाली यायचं नाही. "आय मीन इट, मम्मी. फर्स्ट इयरमध्ये फक्त मलाच बेस ड्रम दिलाय. प्लीज, डोंट मेक इट वीअर्ड."

"वीअर्ड म्हणजे काय?" फोन ठेवल्यावर यादवरावांनी विचारलं.

"म्हणजे आपण," राजरत्न म्हणाला.

२००७ सालचा ऑक्टोबर होता. राधा सप्टेंबरमध्ये दोन तासांवरच्या युनिव्हर्सिटीत राहायला गेली आणि कनाटा या उपनगरातलं घर एकदम गप्प झालं. तिचा फोन रविवारी यायचा, चार मिनिटांचा. अकरा वर्षं कॅनडात काढूनही राजरत्नने तिकडच्या फुटबॉलची, चेंडू हातात घेऊन पळायच्या त्या खेळाची, एक मॅच पाहिली नव्हती. पण लेक युनिव्हर्सिटीच्या मॅचला बँडमध्ये ढोल वाजवणार म्हटल्यावर त्याने आठवडाभर ऑफिसात लंचला बसून नियम वाचले. त्याचे वडील यादवराव, कामठीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांना नियमांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना नातीला पाहायचं होतं.

गोंधळाची सुरुवात स्वातीच्या हुशारीने झाली. गेल्या सीझनच्या सेलमध्ये तिने तीन लालभडक जॅकेटं घेतली होती, एकाच रंगाची, एकाच मापाची. "गर्दीत बाबा हरवले तर लगेच दिसतील," असा तिचा हिशोब. तिघं तीच चढवून निघाले. राधाच्या टीमचा रंग हिरवा आणि पाहुण्या टीमचा लाल, हे राजरत्नने वाचलेल्या नियमांत कुठे लिहिलेलं नव्हतं.

गेटवरच्या म्हाताऱ्या व्हॉलंटियरने तिघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "व्हिजिटर्स?"

राजरत्न तिकिटं काढण्यात गुंतला होता. यादवराव पुढे झाले आणि शाळातपासणीला आलेल्या साहेबाला द्यावं तसं खणखणीत उत्तर दिलं, "येस. व्हिजिटर. सिक्स मंथ्स."

"वेलकम," म्हाताऱ्याने हसून डावीकडे बोट दाखवलं.

डावीकडचा स्टँड लालेलाल होता. "पहा," स्वाती म्हणाली, "आपला रंग किती बरोबर निघाला." तिघं खुशीत मधल्या रांगेत जाऊन बसले. वारा असा बोचरा होता की यादवरावांच्या कानटोपीनेही हात टेकले. शेजारी बसलेल्या डोरीन नावाच्या बाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता आपलं जाड ब्लँकेट त्यांच्या गुडघ्यांवर पसरलं. मग थर्मासमधली कॉफी दिली. मग हातात एक गायीच्या गळ्यातली घंटा दिली. तिचा मुलगा चव्वेचाळीस नंबरचा खेळाडू होता. "अँड विच वन इज युअर्स?" तिने विचारलं.

राजरत्नने मैदानापलीकडे पाहिलं. समोरच्या हिरव्या स्टँडच्या पायथ्याशी बँड उभा होता आणि त्यात मुंगीएवढी राधा, तिच्याहून मोठा ढोल पोटावर घेऊन. त्याच्या मनात आलं, बँडची जागा तिकडे असेल. "द ड्रम," तो अभिमानाने म्हणाला. पण त्याच क्षणी टीम मैदानात आली, एकच गलका झाला, आणि पुढचं 'माय डॉटर' त्यात वाहून गेलं.

"ड्रमंड?" डोरीनचे डोळे चमकले. "द किकर?"

राजरत्नला ऐकू आलं नाही. न ऐकू आलेल्या इंग्रजीला जी मान तो अकरा वर्षं हलवत आला होता, ती त्याने हलवली.

डोरीनने मागे वळून बातमी सांगितली. पाच मिनिटांत तीन रांगांना कळलं की ड्रमंडचे आजोबा इंडियाहून आलेत. ड्रमंड सोनेरी केसांचा, सहा फुटी मुलगा होता. पण असले प्रश्न तिकडे कुणी विचारत नाही. एका बाईने यादवरावांच्या दोन्ही गालांवर लाल पट्टे ओढले. ते शांतपणे बसून राहिले, गंध लावून घ्यावं तसे.

पहिल्या क्वार्टरच्या शेवटी ड्रमंडने किक मारली. चेंडू खांबांच्या बाजूने निघून गेला, पण खांबांमागच्या पट्ट्यातून हिरव्यांपैकी कुणाला तो बाहेर आणता आला नाही. स्टँडमध्ये टाळ्या पडल्या आणि चार जणांनी यादवरावांची पाठ थोपटली.

"काऊन रे, हे मले काऊन शाबासकी देऊन राहिले?"

"एक पॉइंट मिळाला, बाबा. नेम चुकला तरी इथे एक देतात."

"चुकल्याचा मार्क?" यादवराव विचारात पडले. "अशानं माझी अर्धी शाळा बोर्डात आली असती."

दुसऱ्या क्वार्टरमध्ये राधाचा मेसेज आला. त्या काळी एक अक्षर उमटवायला बटण तीनदा दाबावं लागायचं, म्हणून ती फार थोडक्यात लिहायची. 'व्हेअर आर यू.' राजरत्नने कष्टाने टाइप केलं, 'रेड साइड. ऑल चीअरिंग फॉर यू.' बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, 'पप्पा. वी आर ग्रीन.'

राजरत्नने हळूच मान वर केली. पुढे लाल, मागे लाल. शेजारी त्याची बायको चव्वेचाळीस नंबरच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडत होती. वडील लाल गालांनी घंटा बडवत होते.

"स्वाती," तो कानाशी म्हणाला, "आपण चुकीच्या बाजूला बसलोय."

"मग उठू या ना."

दोघांनी यादवरावांकडे पाहिलं. ते डोरीनच्या ब्लँकेटमध्ये तिच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, दुसरी कॉफी पीत. "आता कसं सांगायचं त्यांना," स्वाती म्हणाली. "हाफटाइमला सांगू."

पण हाफटाइमला काही सांगायची वेळच आली नाही. हिरवा बँड ट्रॅकवरून वळसा घालून सरळ लाल स्टँडकडे येऊ लागला. लाल लोकांनी हुर्यो सुरू केली. पुढे ढोल, ढोलामागे गाल हिरवे रंगवलेली राधा. ती स्टँडसमोर पोहोचली तशी राजरत्नने जॅकेटची कॉलर नाकापर्यंत ओढली. यादवराव मात्र ब्लँकेटसकट उभे राहिले.

"राधाऽ, जोरात वाजव, बेटा."

तिने वर पाहिलं. गालांवर लाल पट्टे ओढलेले आजोबा बघून तिचा हात हवेतच राहिला. ढोल थांबला, तसे ट्रम्पेटवाले अडखळले, त्यांच्यावर मागचे आदळले, आणि सगळा बँड गप्प झाला. स्टेडियमभर हशा पिकला. त्या हशात एकटी यादवरावांची घंटा चालू होती, सकाळच्या कवायतीच्या ठेक्यात: एक, दोन, एक, दोन. राजरत्नला जमीन दुभंगावी असं वाटलं. पण राधाने ओठ घट्ट मिटले, दोन ठोके जाऊ दिले, आणि तिसऱ्यावर त्या घंटेच्या ठेक्यातच ढोल पुन्हा सुरू केला. बँड तिच्यामागे आला. हुर्यो करणारे लाल लोक कधी टाळ्यांवर आले ते त्यांनाही कळलं नाही.

डोरीन राजरत्नकडे वळून बघत होती. "ड्रम," तो ओशाळून म्हणाला. "माय डॉटर. नॉट ड्रमंड. सॉरी."

डोरीन डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग तिने ब्लँकेट यादवरावांच्या पायांभोवती आणखी घट्ट खोचलं. तिघं शेवटपर्यंत तिथेच बसले.

पुढे राजरत्नने बऱ्याच मॅच पाहिल्या, चांगली तिकिटं काढून, हिरवा स्वेटर घालून. त्यातल्या एकीचाही स्कोअर त्याला आठवत नाही. ही मॅच हिरवे सतरा-अठराने हरले, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगतो.

मॅच संपल्यावर तिघं बँडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. राधा आली. रंग गालांवरून ओघळला होता. राजरत्नने स्टँडपासून इथवर माफीची वाक्यं जुळवली होती. "राधा, आमच्यामुळे तुझं सगळ्यांसमोर…"

"सो दिस इज द ग्रँडपा," तिच्या मागून आलेली, ट्रॉम्बोन घेतलेली उंच मुलगी मध्येच म्हणाली. मग राजरत्नला तिने जे सांगितलं ते असं, की व्हिजिटर्सच्या बाजूला बँड कधीच जात नाही, चार वर्षांत एकदाही गेला नव्हता. पण राधाने दुसऱ्या क्वार्टरपासून बँडमास्तरचं डोकं खाल्लं होतं. माझी माणसं तिकडे बसलीत, त्यांना इकडचं काही ऐकू जाणार नाही, म्हणून.

"मेगन, स्टॉप इट," राधा म्हणाली. आजोबांकडे तिने पाहिलं नाही, पण त्यांच्या गालावरचा रंग आपल्या बाहीने पुसू लागली. तो पुसला जाण्याऐवजी आणखी पसरला.

"ताल सोडला नाही तू," यादवराव म्हणाले.

"पप्पा, हा पकडा ना. खांदा दुखून राहिलाय." तिने पट्टा काढून ढोल राजरत्नच्या गळ्यात घातला. गेल्या दोन-तीन वर्षांत तिने त्याला स्वतःची वॉटरबॉटलसुद्धा उचलू दिली नव्हती. पावलापावलाला ढोल गुडघ्यांवर आपटत होता आणि तो चालत होता.

बँडरूमच्या वाटेवर हिरव्या जर्सीतल्या दोन मुलींनी त्याला अडवलं. लाल जॅकेटमधला एक परका माणूस त्यांच्या युनिव्हर्सिटीचा ढोल घेऊन चालला होता, तेही हरल्यानंतर. "एक्सक्यूज मी, सर, दॅट्स अवर ड्रम."

राजरत्न तोंड उघडणार इतक्यात मागून राधाचा आवाज आला, अगदी साधा, चार लोकांना ऐकू जाईल एवढा.

"इट्स ओके. दे आर ऑल विथ मी."