झाकणाच्या आतला गुडघा

माणसाच्या शरीरात निसर्ग जे बसवतो त्याचा कागद मिळत नाही. माणूस जे बसवतो त्याचा मिळतो, आणि तो वेळेला सापडत नाही.

या नियमाला धरूनच सासूबाईंचा कृत्रिम गुडघा बाराव्या वर्षी कुरकुरू लागला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरून सुनेला समजावलं. वरचा धातू घट्ट, खालचा धातू घट्ट, मधली प्लॅस्टिकची चकती झिजलेली. कंपनी आणि माप नक्की कळलं तर नुसती चकती बदलायची. नाही कळलं तर सगळा सांधाच काढायचा: बारीक करवतीनं सिमेंट सोडवायचं, छिन्नीनं धातू उचलायचा, जमेल तेवढं हाड वाचवायचं आणि उरलेल्या हाडात दांडा घालून नवा सांधा बसवायचा.

"चकतीवर भागलं तर दुसऱ्या दिवशी चालतील. नाहीतर या वयात..." डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. (वाक्य अर्धं सोडण्याचं शिक्षण बरीच वर्षं चालतं.) "पहिल्या ऑपरेशनचं स्टिकर आणा. त्यावर सगळं असतं."

सुनेच्या कडेवरची लेक त्याच महिन्यात पावलं टाकायला शिकत होती. आजीचं बोट धरून.

आधीच्या रुग्णालयाचं रेकॉर्ड खातं फारच शिस्तीचं निघालं. तिथं दहा वर्षांनी फाइली नष्ट करतात आणि नष्ट केल्याचा दाखला कायमचा जपतात. त्या दाखल्याची प्रत सुनेला अकरा मिनिटांत मिळाली, शिक्क्यासकट.

मग घरात नवरा आणि मोठे दीर यांची शोधसमिती बसली. एका पिशवीत यंत्रांचे एकेचाळीस कागद तारीखवार लावलेले सापडले. त्यांतली तेहतीस यंत्रं आता घरात नाहीत. कधीच भंगारात गेलेल्या फ्रिजची माहिती तीन भाषांत होती. आईची माहिती एकाही भाषेत नव्हती.

"फाइल तुझ्याकडे होती," दीर म्हणाले.

"माझ्याकडे? घरी आणायला तू गेला होतास, दादा!"

"गेलो होतो की. पण तेव्हा उजवा गुडघा होता ना?"

यावर समिती चहासाठी तहकूब झाली.

तेव्हा सुनेनं कार्यपद्धतीत न बसणारी गोष्ट केली. तिनं सासूबाईंना विचारलं.

"आई, ते स्टिकर कुठं असेल हो?"

"शिलाई मशीनच्या झाकणाला. आतून."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कुणी? आणि म्हटलं शोधू दे. किती दिवसांनी दोघं भाऊ शेजारी बसलेत."

झाकणाच्या आत पेन्सिलीनं दोन रकाने आखले होते. एकात मशीनला तेल कधी दिलं त्या तारखा. दुसऱ्याच्या डोक्यावर स्टिकर: कंपनी, माप, डावा. खाली सासूबाईंचं बारीक अक्षर. 'जिन्यात कट्ट वाजलं. मोठ्याला सांगितलं. बघू म्हणाला.' 'परत वाजलं. धाकट्याला सांगितलं. बघू.' 'सूज आहे. सुनेला सांगितलं. हो आई, म्हणाली.' अशा नोंदी सव्वीस. शेवटच्या चारांत कुणाला सांगितल्याचा उल्लेख नाही.

सुनेनं डॉक्टरांसाठी फोटो काढला तो फक्त स्टिकरचा. (खासगी माहिती जपावी लागते.)

कंपनी ती चकती अजून बनवत होती. पाऊण तासात काम झालं. दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या लांब पॅसेजमध्ये आजी आणि नात, दोघी भिंतीला धरून निघाल्या. नात चार पावलांनी जिंकली. आजीनं मुद्दाम हरल्याचा दावा केला आहे.

नवी फाइल दोघा भावांनी अत्यंत सुरक्षित जागी ठेवली. ती जागा सध्या आठवत नाही. एक स्टिकर मात्र सासूबाईंनी आधीच काढून घेतलं होतं.

वाचकांना या घराचं हसू आलं असेल, तर हरकत नाही. त्यांनी एवढंच सांगावं: आपल्या आईचा कुठला गुडघा दुखतो, डावा की उजवा?

फोन न करता.